पोरीचं डोकं चकोट करू नको

खानापूरकडच्या एका आईचं पत्र आलंय. पोरगी तिसरीत, केस लांब, डोक्यात उवा झाल्या म्हणून शाळेत बाईंनी मागच्या बाकावर एकटीला बसवलं, तेव्हापासून शाळा म्हटलं की रडायली. शेजारीण म्हणते रॉकेल लाव, नवरा म्हणतो चकोट करून आणतो, आणि सासूबाई मानेजवळचा केसांचा गुंता बघून म्हणायल्यात की ही यल्लम्माची जट, इथं फणी लावायची नाही. "मावशी, कुणाचं ऐकू?"

अगं पोरी, तिघांचंबी ऐकू नको. आज रात्री लेकीला जवळ घे आणि सांग की बाळा तुझी काही चूक नाही. उवा काय उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडं जातात, आणि तिसरीतल्या पोरी एका पुस्तकात डोकी घालून बसणारच की. रोज न्हाणाऱ्या पोरींच्या डोक्यातपण होतात. रॉकेलनं कातडी भाजते, वास छातीत जातो, चुलीजवळ गेली तर पेट घेईल, त्यामुळं ते नकोच, आणि मुंग्या-झुरळांचा खडू तर अजिबात नको.

जटेचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतंय. यल्लम्माचं सौंदत्ती आपल्याला लांब नाही, जटेच्या नावानं आपल्या भागात किती पोरी देवीला सोडल्या गेल्या, देवदासी झाल्या हे आपण सगळे जाणतो, त्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ सालीच कायदा झालाय. तुझ्या लेकीचं काय झालंय बघ, उवांनी खाज सुटली, खाजवून केस गुंतले, दुखतं म्हणून तिथं फणी गेली नाही, त्यात तेल घाम धूळ बसली आणि केस चिकटले, बस. शनिवारी दुपारी खोबरेल तेल भरपूर चोपड, तासभर मुरू दे, मग खालच्या टोकाकडून बोटांनी दोन-दोन केस सोडवत वर जा. नाहीच सुटला तर तेवढाच झुबका कात्रीनं काप. सासूबाईंशी भांडू नको गं, त्या भीतीनं बोलायल्यात, देवीपुढं नारळ वाढव आणि तेल त्यांच्याच हातानं लावून घे.

मग डोकं धुऊन रविवारी उन्हात बस. मेडिकलमध्ये उवा मारायचं १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं, ते धुऊन टॉवेलनं पुसलेल्या केसांना मुळापासून लावायचं, १० मिनिटांनी पाण्यानं धुवायचं, त्या दिवशी आधी तेल कंडिशनर काही नको. पण एकदा लावलं आणि झालं असं नसतं, कारण लिखा सगळ्या मरत नाहीत, ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी परत लाव. मधल्या दिवसांत दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढ आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पूस, काय निघालं ते दिसतं. कानामागं आणि मानेवर जास्त बघ. कोंडा नुसत्या फुंकरीनं उडतो, लीख केसाला चिकटलेली असते, नखानं ओढावी लागते. दोन आठवडे हे सोडू नको, खरं काम फणीचंच.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघ, तुझं पण. उशीचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यातून काढ, सगळं घर धूत बसू नको, डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांत मरते. डोक्यात पू, ताप नाहीतर मानेला गाठी दिसल्या तर डॉक्टरांकडं जा.

आणि सोमवारी स्वतः शाळेत जा. बाईंना शांतपणे सांग की औषध लावलंय, हिला परत मैत्रिणीशेजारी बसवा, आणि सगळ्या आयांना एकाच रविवारी फणी करायला सांगा, नाहीतर एकीच्या डोक्यातनं दुसरीच्या हे चालूच राहणार. कन्नड बोलणाऱ्या आयांना तूच सांग, उवेला कन्नडमध्ये 'हेनु' म्हणतात, तेवढं म्हटलं की झालं. दोन घट्ट वेण्या घालून पाठव तिला, आणि गुंता सुटला का तेवढं मला नक्की कळव.