पंच्याहत्तरच्या इंजिनाला नव्वदचा टर्बो

प्रश्न : माझी १२४८ सीसीची, ७५ हॉर्सपॉवरची डिझेल गाडी १ लाख ६० हजार किलोमीटर पळाली आहे. महिन्याभरापासून निळा धूर येतोय, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि चढाला गाडी ओढंना. फिटर म्हणतो टर्बो गेला. भंगारात निघालेल्या ९० हॉर्सपॉवरच्या गाडीचा पात्यांचा टर्बो चौदा हजारांत मिळायलाय. इंजिन एकच आहे, बसतो, पिकअप पण वाढंल, असं त्याचं म्हणणं. बसवू का?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : नका बसवू. आणि नवा कोणताही टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, घेण्याआधी जुना कशानं गेला ते शोधा. माझ्या लातूरच्या गॅरेजात टर्बोसाठी येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच जणांनी तो आधी कुठंतरी एकदा बदललेला असतो.

तुमचा फिटर बोलतो त्यात तथ्य आहे. हे इंजिन मूळचं फियाटचं, २००३ सालचं मल्टिजेट. आपल्याकडं टाटा आणि फियाटसाठी ते रांजणगावला बनलं, मारुतीसाठी मानेसरला. म्हणून स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत तेच इंजिन दिसतं. त्याचे दोन प्रकार रस्त्यावर आले. साध्या टर्बोचं ७५ हॉर्सपॉवरचं, मारुतीच्या गाड्यांत त्याचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिनिटाला २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर. दुसरं पात्यांच्या टर्बोचं ९० हॉर्सपॉवरचं, त्याचा टॉर्क १७५० फेऱ्यांवर २००. म्हणजे टॉर्कमध्ये फरक १० न्यूटन-मीटरचा, पण तो २५० फेऱ्या आधी हाताशी येतो. उसाच्या ट्रॉलीमागं तिसऱ्या गिअरात रांगताना या २५० फेऱ्या जाणवतात. तुम्हाला मोह का पडला ते मला कळतं.

आता हे कशानं होतं ते सांगतो. १२४८ सीसीचं इंजिन कागदावरच्या हिशोबानं १५०० फेऱ्यांवर मिनिटाला ९३६ लिटर हवा ओढतं आणि ४००० फेऱ्यांवर २४९६ लिटर. टर्बोचा दाब धरला तर हे अंतर आणखी वाढतं. सायलेन्सरकडं जाणारा गरम वायूही त्याच प्रमाणात कमीजास्त होतो आणि टर्बोचं चक्र त्यावरच फिरतं. साध्या टर्बोत वायूची वाट एकाच मापाची असते. वायू जास्त झाला की वेस्टगेटची झडप उघडते आणि जास्तीचा वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. पात्यांच्या टर्बोत चक्राभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटत आलं की आपण स्प्रिंकलरला बारीक नोझल लावतो, तेवढ्याच पाण्याचा फवारा लांब जावा म्हणून. पाणी भरपूर असलं की मोठं. पाती चालत्या गाडीत हेच करतात. फेऱ्या कमी असताना ती मिटतात, वाट अरुंद होते आणि थोडासाच वायू जोरात चक्रावर आदळतो. फेऱ्या वाढल्या की उघडतात.

पण पाती किती मिटायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते काम ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं. तो बूस्ट सेन्सरकडून टर्बोचा दाब (बूस्ट) वाचतो, सोलेनॉइडला, म्हणजे विजेवरच्या झडपेला, हुकूम देतो, सोलेनॉइड व्हॅक्यूम सोडतो आणि मग पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचा रॉड हलतो. तुमच्या ७५ च्या ईसीयूच्या मॅपमध्ये पाती हलवायचा हिशोबच नाही. चौदा हजारांत तुम्हाला फक्त लोखंड मिळतंय.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१६ साली दाजींच्या गाडीला मी स्वतः हाच उद्योग केला होता. व्हॅक्यूमचा अ‍ॅक्च्युएटर काढून दाबावर चालणारा बसवला, म्हणजे बूस्ट चढेल तशी पाती आपोआप उघडतील. लातुरात गाडी इतकी छान पळाली की दाजींनी दोन पाहुण्यांना चक्कर मारून दाखवली. पंधरा दिवसांनी रात्री बीडहून परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात, पुढं उसाची ट्रॉली आणि मागं लक्झरी, गाडी एकाएकी दमली. चेक लाइट लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही फेऱ्या चढेनात. ईसीयूला अपेक्षेपेक्षा जास्त दाब दिसला आणि त्यानं डिझेल तोडलं, इंजिन वाचवायला ते त्याचं कामच आहे. गाडीत ताई आणि दोन लहान भाचे होते. दाजी मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन गाडी आणली, मूळ टर्बोला नवं कार्ट्रिज (आतला चक्र-शाफ्टचा गाभा) घालून परत बसवला आणि त्यानंतर कुणाच्याही गाडीला हा प्रयोग केला नाही.

रॉड तारेनं बांधून पाती कायमची मिटवणारेही मी पाहिलेत. त्यात सुरुवातीला पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पण वरच्या फेऱ्यांवर वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही. टर्बो मर्यादेबाहेर फिरतो, हेड गॅस्केटवर ताण येतो. पात्यांच्या टर्बोवर एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, कारखान्यात फ्लो बेंचवर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, बसवून त्यावर खूण केलेली असते. त्याला कुणालाही पाना लावू देऊ नका.

कायद्याचंही पाहा. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचं कारण आपण आयतं दिलेलं असेल.

तर तुम्ही हे करा. एअर फिल्टरपासून टर्बोकडं जाणारा पाइप काढा आणि टर्बोचं चक्र ज्यावर फिरतं तो शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो, कारण शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. मागंपुढं सरकणारा खेळ जाणवला किंवा चक्राची पाती टर्बोच्या कवचाला घासलेली दिसली तर टर्बो खरंच गेला. त्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या असतील तर दोष धुळीचा आहे. केज-अंबाजोगाई भागात खडीच्या गाड्यांमागं चालवणाऱ्यांचा एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीपर्यंत टिकत नाही, लवकर बदला. शाफ्ट निळसर-काळा पडला असेल तर त्याला तेल मिळालं नाही. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेऱ्या मारतो. तेल उशिरा बदललं की पाइपात काजळीचा गाळ बसतो आणि काही सेकंदांची उपासमार त्याला पुरते. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला चीर आहे का तेही चाचपून बघा. हवा गळत असली की तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं.

मग तुमच्याच गाडीच्या नंबरचं, चांगल्या मेकचं, बॅलन्स केलेलं कार्ट्रिज घाला. पैसे कमी पडत असतील तर चौदा हजार त्यातच घालवा. ऑइल फीड पाइप नवा घ्या, जुना धुऊन लावू नका. इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल काढल्याशिवाय गाडी चालू करू देऊ नका. ते तेल इंजिननं ओढलं तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, वेडं होऊन पळतं. ऑइलच्या जोडाला सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटला की तेलाची वाट बंद. बसवल्यावर टर्बोत तेल ओता, इंजिन चालू न करता थोडं फिरवून तेलाचा दाब येऊ द्या, मगच स्टार्ट करा.

प्रश्न : जुनी डस्टर घ्यायची आहे. ८५ ची घेऊ की ११० ची? ११० ला पात्यांचा टर्बो आहे म्हणे, मग शहरात तीच चांगली ना?
– एक वाचक, जालना

उत्तर : शहरातच जास्त चालवणार असाल तर ८५ ची. पात्यांचा टर्बो म्हणजे लॅग, टर्बोचा दाब चढायला लागणारा उशीर, संपला असं धरून चालू नका. इंजिन दोन्हींत १४६१ सीसीचंच आहे. ८५ ला लहान साधा टर्बो, तो लवकर भरतो आणि टॉर्क १९०० फेऱ्यांना येतो. सुरुवातीच्या ११० ला वरची ताकद काढायची म्हणून मोठा टर्बो दिला. पाती असूनही त्याचा पूर्ण टॉर्क २२५० ला येतो आणि त्याच्या खाली गाडी सुस्त वाटते. जालना-संभाजीनगर रोज, चार माणसं आणि सामान घेऊन जाणार असाल तर मात्र ११० आणि तिचा सहावा गिअर घ्या. टर्बोचा प्रकार ऐकून गाडी निवडू नका, भर दुपारी एसी लावून दुसऱ्या गिअरात गांधी चमनकडून एक फेरी मारा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घर ते शाळा चार किलोमीटर, गाडी पात्यांच्या टर्बोची डिझेल. दोन महिन्यांत तीनदा चेक लाइट लागून गाडी दमली. बंद करून चालू केली की नीट चालते. टर्बो बदला म्हणून सांगताहेत.
– एक वाचिका, परभणी

उत्तर : ताई, घाई करू नका. चार किलोमीटरात इंजिन धड गरमही होत नाही. काजळी पात्यांच्या कड्यात साचते आणि पाती अडकतात. बंद करून चालू केल्यावर नीट चालते याचा अर्थ ती अजून पूर्ण जाम झालेली नाहीत. आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या आणि कागदावर लिहून मागा. मग व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बघायला सांगा. आपल्या उन्हाळ्यात त्या तडकतात, बदलायला फार खर्च येत नाही आणि लक्षणं अगदी हीच असतात. हातपंपानं व्हॅक्यूम देऊन रॉड न अडखळता जातो-येतो का ते तुमच्यासमोर दाखवायला लावा. अडखळला तर टर्बो उतरवून कडं साफ करता येतं. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही त्याच वेळी साफ करून घ्या, काजळी तिथंही असतेच. पुढं आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, जिंतूर रोडला अर्धा तास गाडी २५०० ते ३००० फेऱ्यांवर चालवा. आणि खरं सांगायचं तर चार किलोमीटरसाठी डिझेल गाडी नकोच होती. विकायचा विचार कधी मनात आला तर मागं हटू नका.

प्रश्न : गाडी थांबवल्यावर किती वेळ चालू ठेवायची? कुणी पाच मिनिटं सांगतं.
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : गावात फिरून आलात तर टर्बो निवायला अर्धं मिनिट पुरे. घाट चढून किंवा हायवेवर जोरात येऊन लगेच ढाब्यावर थांबलात तर एक ते दोन मिनिटं. पाच मिनिटं ठेवलीत तर डिझेल जळेल आणि काजळी वाढेल.