गोतोची कार्ड पाहिजे, पण बदल्यात काय पाठवू?

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. पुण्यात शिकणाऱ्या भाचीकडं जपानहून आलेलं सफरचंदाच्या आकाराचं पोस्टकार्ड पाह्यलं, तेव्हापासून डोक्यात तेच. ऑनलाइन शोधलं तर एकेका कार्डाचा भाव पाहून डोळे पांढरे झाले. स्वस्तात मिळवायची काही सोय? अन् बदल्यात पाठवायचं तरी काय, आमच्या इकडं चित्राचं पोस्टकार्ड दुकानात भेटतच नाही.

उत्तर: भाऊ, ते सफरचंद म्हणजे आओमोरीचं गोतोची कार्ड. जपानच्या पोस्टानं २००९ मध्ये ही सिरीज काढली, ४७ प्रांत अन् ज्याची जी ओळख त्याच आकारात कापलेलं कार्ड, म्हणजे कागावाचा उडोनचा वाडगा, अकिताचा नामाहागे राक्षस असं. मेख अशी की ज्या प्रांताचं कार्ड ते त्याच प्रांतातल्या पोस्टात विकतात, टोकियोवाल्याला आओमोरीचं पाहिजे तर त्यालाही तिकडं जावं लागतं नाहीतर तिकडच्या कोणाला तरी मस्का लावावा लागतो. म्हणून जपानी लोकच आपसात अदलाबदल करतात, अन् म्हणूनच ऑनलाइन विकणारे भाव चढवतात. त्यांच्या नादी लागूच नका.

पोस्टक्रॉसिंग म्हणून जगभरातल्या लोकांची पोस्टकार्डं पाठवायची वेबसाइट आहे, तिथं फुकटात नाव नोंदवा, २००५ पासून चालू आहे. तिथं आधी आपण अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचं, ते पोचल्याची नोंद झाली की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी जातो. गोतोची हक्कानं मागता येत नाही, फक्त प्रोफाइलमध्ये आवड लिहायची. पण कितीतरी जपानी मेंबर थेट अदलाबदलीला तयार असतात, तसं त्यांनी लिहिलेलं असतं, त्यांनाच मेसेज करा. एका गोतोचीसाठी एकच साधं कार्ड देऊ करणं मला तरी बरं वाटत नाही, कारण कार्ड चौकोनी नसल्यानं ते पोस्टकार्डाच्या दरात जात नाही, जपानातल्या जपानात १४० येन लागतात, बाहेर तर पत्राचा दर. दोन-तीन कार्डं अन् थोडी कोरी तिकिटं द्या.

आता काय पाठवायचं. ताजमहाल नको, तो सगळेच पाठवतात. फुकुशिमाच्या गोतोचीत अकाबेको आहे, आइझू भागातली लाल गाय, कागदाच्या लगद्याची, मान डोलवणारी. ती ज्याच्याकडं आहे त्याला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पाठवा, चाकं लावलेला, झूल घातलेला, दोरी धरून पोरगं मागं उभं. फोटो स्टुडिओतून ४ बाय ६ ची प्रिंट काढा, मागं जाड पांढरा कागद नीट चिकटवा (फोटोच्या चकचकीत कागदावर शाई धरत नाही), झालं कार्ड. फुटलेली पऱ्हाटी, संत्र्याचा बगीचा, लोणारचं सरोवर, काहीही चालेल, फक्त दोन ओळी लिहा की हे काय आहे, तिकडच्यांना वाचायला लय आवडतं.

पत्ता देताना वडिलांचं नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, पिन सगळं इंग्रजी अक्षरात द्या. गावात एकाच नावाचे चार जण असतात, मग कार्ड फिरतंय घरोघर.

प्रश्न: गोतोची उघडं मागवावं का पाकिटात? (लाखनी, जि. भंडारा)

उत्तर: माझं मत उघडं. तिकीट अन् शिक्का नसलेल्या कोऱ्या कार्डात मजा काय? जपानात तर बऱ्याच पोस्टात फूकेइन म्हणून तपकिरी शाईचा शिक्का असतो, त्यात त्या गावचा डोंगर, देऊळ, पूल असं काहीतरी कोरलेलं, पण तो काउंटरवर मागावा लागतो, तेव्हा पाठवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. शौकीन लोक कार्डावरच्या चित्राशी जुळणारा शिक्का शोधत फिरतात. सफरचंदाच्या देठासारखे निमुळते भाग मात्र वाटेत दुमडतात, ते चालत नसेल अन् पावसाळ्याचे दिवस असतील तर पाकिटच बरं, आत एक पातळ पुठ्ठा टाकायला सांगा.