दोन घास कमी

प्रिय मित्रकन्येस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचा तक्ताही पाहिला. पत्रापेक्षा त्या तक्त्यानेच मला जास्त अस्वस्थ केले. पहिल्या आठवड्यात रोज ५ मिनिटे उभे राहणे, दुसऱ्यात १०, मग एकदम २५, ३५, ४०. त्यानंतर तीन दिवस शून्य. मग एके दिवशी ४५ आणि पुन्हा चार दिवस शून्य. तू विचारतेस की ४५ वरून ६० वर कसे जावे, आणि मी मात्र त्या सात शून्यांकडे पाहत बसलो आहे. पोट भरण्याआधी दोन घास कमी खाऊन उठावे असे आपल्या घरांतून सांगतात, आणि चिनी माणसेही दहापैकी सात हिस्से पोट भरले की थांबावे असे म्हणतात. स्थिर उभे राहण्याच्या या चिनी साधनेतही तोच नियम आहे, आणि तो मी तुला मागच्या दिवाळीतच सांगितला होता. तू तो ऐकून घेतलास आणि बाजूला ठेवलास.

तुझा पहिला प्रश्न अस्सल पद्धतीचा आहे. तीन शिक्षक तीन प्रकारे उभे राहायला सांगतात आणि प्रत्येक जण आपलीच परंपरा सर्वांत प्राचीन असल्याचा दावा करतो, त्यामुळे तू गोंधळली आहेस. श्वास, हालचाल आणि स्थिरता यांनी प्रकृती सांभाळण्याची चिनी परंपरा जुनी आहे यात शंका नाही. चीनमधील मावांगदुइ येथील इ. स. पू. १६८ मधील कबरीत, १९७३ साली, व्यायामाच्या मुद्रांतील चव्वेचाळीस माणसांचे रेशमावरचे चित्र सापडले. परंतु अशा साधनांना दिलेला 'छीगोंग' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो रूढ झाला १९४९ च्या सुमारास, तोही ल्यू ग्वेइजन या हबेइ प्रांतातील कार्यकर्त्यामुळे. जठराच्या व्रणाने खंगलेला हा माणूस श्वासाच्या साधनेने बरा झाला आणि पुढे १९५६ मध्ये बेइदायहे येथे समुद्रकाठी या उपचाराचे आरोग्यधाम उभे राहिले. तेव्हा पाच हजार वर्षे जशीच्या तशी चालत आलेली पद्धत शोधण्यात तुझी उमेदीची वर्षे घालवू नकोस.

तू करतेस ते जान ज्वांग, म्हणजे जमिनीत रोवलेल्या मेढीसारखे उभे राहणे. त्याचे आजचे रूप बव्हंशी वांग श्यांगजाय यांच्याकडून आले आहे. तेही हबेइचेच, आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी १९४२ मध्ये ज्या प्रांतात देह ठेवला तो हा प्रांत, आणि मला या योगायोगाचे नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. वांग मूळचे मुष्टियोद्धे. उत्तरायुष्यात, १९५० च्या दशकात, बीजिंगच्या चुंगशान उद्यानात ते आजारी माणसांना उभे राहायला शिकवत. त्यांच्या परंपरेत उभे राहण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत, एक प्रकृतीसाठी आणि दुसरा लढतीसाठी. प्रकृतीच्या प्रकारात भार दोन्ही पायांवर सारखा असतो, गुडघे जेमतेम सैल असतात आणि हात झाडाला अलगद कवेत घेतल्यासारखे गोल असतात. लढतीच्या प्रकारात एक पाय पुढे असतो, बहुतेक भार मागच्या पायावर जातो आणि माणूस खाली बसत जातो. तू चित्रफितींवरून दोन्हींची सरमिसळ केली आहेस. पायांतील अंतर पहिल्याचे ठेवतेस आणि गुडघ्यांचा वाक दुसऱ्याचा. तुझ्या तीन शिक्षकांमधले भांडण निम्मे तरी एवढ्यानेच मिटेल.

वांग यांच्या विद्यार्थिदशेची एक कथा सांगतात, ती तूही पत्रात मोठ्या आदराने लिहिली आहेस. त्यांचे गुरू गुओ युनशन त्यांना उभे करून निघून जात आणि परतल्यावर पायांखालची जमीन घामाने ओली झाली आहे का ते पाहत. खरी असेल किंवा नसेल, तरुण माणसाला बिघडवायला ही एक कथा पुरेशी आहे. ती मी ऐकली तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि तरीही बिघडलो.

नोकरीनिमित्त मी १९९७ ते २००४ बीजिंगमध्ये होतो हे तुला ठाऊक आहे. घराजवळच 'स्वर्गमंदिरा'चे विस्तीर्ण उद्यान होते, आणि तेथील शेकडो वर्षांच्या सुरूसारख्या वृक्षांखाली पहाटे माणसे उभी असत. त्यांत कापडगिरणीतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी मला शिकवले, आणि त्यांचे शिकवणे म्हणजे जवळजवळ एकच शब्द होता: 'सुंग', म्हणजे सैल सोड. मी हात गोल धरून उभा राहिलो की त्या आपला तळहात माझ्या कोपराखाली धरत आणि वाट पाहत. कोपराचा भार त्यांच्या तळहातावर उतरला नाही, तर मी तो खांद्यांत धरून ठेवला आहे हे त्यांना न बोलता कळे. मग त्या हलकेच हात काढून घेत आणि दुसऱ्या कोपराकडे जात. स्वतः त्या वीस-बावीस मिनिटे उभ्या राहत. आणखी सहज राहू शकल्या असत्या, हे त्यांचा चेहरा पाहून कोणालाही कळले असते. पण त्या हात खाली सोडत, झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली काचेची बरणी उचलत, झाकण फिरवून आतला चहा पाने ओठांनी मागे सारत पीत, आणि म्हणत, "उद्याही आहेच."

मला ते 'उद्याही आहेच' ऐकू आले नाही, कारण मी जमीन ओली करायच्या मागे लागलो होतो. दुसऱ्या हिवाळ्यात रोज त्या घरी निघून गेल्यावर मी आणखी अर्धा तास उभा राहू लागलो, गुडघे अधिकाधिक वाकवत गेलो आणि उजव्या गुडघ्यात आतून कळ येऊ लागली तेव्हा तिला प्रगतीची खूण समजलो. फेब्रुवारीत गुडघा सुजला. जिना उतरताना कठडा धरावा लागे. पुढची सहा वर्षे मी एकदाही उभा राहिलो नाही. तुझ्या तक्त्यात सात शून्ये आहेत. माझ्या तक्त्यात दोन हजारांहून अधिक आहेत.

त्याहून वाईट म्हणजे मी त्या बाईंना तोंड दाखवले नाही. त्या पूर्वेच्या दरवाजाने येत, म्हणून मी चालायला गेलोच तर दुसऱ्या दरवाजाने जाई. कामाचा ताण होता, मुलांच्या शाळेचा प्रश्न होता, माझी चिनी भाषा लाज सांगण्याइतकी चांगली नव्हती. ही कारणे खरी आहेत आणि मी ती आजही मागे घेणार नाही. पण २००४ मध्ये सामान बांधून परत आलो ते त्यांचा निरोप न घेता, आणि तेथे जाऊन "चुकलो" एवढे एक वाक्य बोलायला फार चिनी यावी लागत नव्हती. तू मला विचारलेस की काका, तुम्ही वर्ग का घेत नाही. त्याचे उत्तर येथेच आहे. ज्याने आपल्या शिक्षकाचे एकुलते एक सांगणे मोडले, त्याने दहा जणांपुढे उभे राहू नये असे मला वाटते. तू याला हट्ट म्हणालीस. असू दे. एका-एकाला पत्र लिहिण्याचा हक्क मात्र मी सोडलेला नाही.

२००६ मध्ये पुण्यात गच्चीवर पुन्हा सुरुवात केली ती ३ मिनिटांनी. पुढे वाढवायचा नियम एकच ठेवला: थांबताना आणखी थोडा वेळ राहावेसे वाटले पाहिजे. तसे वाटेनासे झाले की दुसऱ्या दिवशी मिनिटे कमी करायची. ३ वरून २० वर यायला मला दोन वर्षे लागली, आणि तेव्हापासून ती २० च आहेत. तू म्हणशील की सत्तावीस वर्षांच्या मुलीला एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचे माप कशाला. तुझी मिनिटे माझ्यापेक्षा जास्त असतील, लवकरही वाढतील, पण दोन घास कमी हा नियम वयाने बदलत नाही. चाळिसाव्या मिनिटाला तू दात आवळून घड्याळाकडे पाहतेस असे तूच लिहिले आहेस. जबडा आवळलेला असताना खांदे सैल राहत नाहीत, आणि खांदे आवळले की श्वास छातीत वर चढतो. म्हणजे त्या वेळी तू जान ज्वांग करतच नव्हतीस. तू सहन करत होतीस, आणि सहन करण्याचा सराव तुझ्या नोकरीत तुला पुरेसा होतो.

मांड्या थरथरतात त्याची भीती बाळगू नकोस. स्नायू एकाच स्थितीत काम करत राहिला आणि थकू लागला की त्याचा जोर एकसारखा राहत नाही व तो चढउतार बाहेर दिसतो. मांडीतली उष्णता, जडपणा आणि थरथर चालेल. गुडघ्याच्या आतली कळ एक क्षणही चालणार नाही. कळ आली की उंच हो, त्याच क्षणी. उलट, गुडघे मागे ताणून ताठही करू नकोस, कारण तसे फार वेळ उभे राहिल्यास रक्त पायांत साचते आणि भोवळ येऊ शकते. कवायतीत मुले कोसळतात त्याचे हे एक कारण. तळहातांतल्या मुंग्या आणि ऊब यांविषयी तू दीड पान लिहिले आहेस. येऊ देत, जाऊ देत. मला त्या पहिल्या वर्षी रोज येत, आता क्वचित येतात, आणि माझी प्रकृती तेव्हापेक्षा आता चांगली आहे. 'छी', म्हणजे प्राणशक्ती, 'जाणवली नाही' म्हणून उद्याचा दिवस रद्द करणे हा मात्र अपराध आहे.

दीर्घायुष्याचे आश्वासन मी तुला देणार नाही. वांग स्वतः १९६३ मध्ये सत्तरीच्या उत्तरार्धात गेले; त्या काळाच्या मानाने ते चांगले आयुष्य होते, चमत्कार नव्हता. चिनी भाषेत या सगळ्याला 'यांगशेंग' म्हणतात, म्हणजे आयुष्याचे पोषण, आणि पोषण रोजच्या रोज होते. महिन्याचे जेवण कोणी एका बैठकीत जेवत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर पावसात ओल्या फरशीवर पाय सरकतो तेव्हा मी सावरतो, आणि माझ्या वयाच्या कितीतरी परिचितांना ते जमलेले नाही. म्हातारपणी एका पडण्याने माणूस अंथरुणाला कसा खिळतो, हे तू तुझ्या आजीच्या बाबतीत पाहिले आहेस.

आता पुढचे चाळीस दिवस असे कर. पायांत खांद्यांएवढे अंतर, पावले समांतर, गुडघे इतकेच सैल की समोरच्याला वाकलेले दिसू नयेत. हात छातीपर्यंत नेऊ नकोस, बेंबीच्या उंचीवर गोल धर, बोटे विलग, काखेत एखादे लिंबू मावेल एवढी जागा. डोके वरून दोऱ्याने अलगद धरल्यासारखे, जबडा सैल, श्वास जसा येईल तसा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ दे. मिनिटे ७, आणि घड्याळ पाठीमागे. आठव्या मिनिटाला कितीही आनंद वाटत असला तरी हात खाली सोड. तो आनंद उद्यासाठी ठेवायचा आहे. ताप असेल, प्रवास असेल, रात्रपाळी झाली असेल, तर २ मिनिटे उभी राहा, पण शून्य लिहू नकोस. तक्त्यात मिनिटे लिहूच नकोस खरे तर. उभी राहिलीस त्या दिवशी नुसती खूण कर.

तुझ्या आईलाही तुझ्याबरोबर उभे राहायचे आहे असे लिहिले आहेस. तिच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारू दे. तोपर्यंत तिने बसूनच करावे. या साधनेत बसून आणि पडून करायचे प्रकारही आहेत, आणि ते कमी दर्जाचे नाहीत. तुमच्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घे, प्लॅस्टिकची नको, ती डुगडुगते. तिला पुढच्या कडेशी बसव, पाठ टेकू देऊ नकोस, पावले पूर्ण जमिनीवर, हात मांड्यांच्या थोडे वर गोल. मग तुझा तळहात तिच्या कोपराखाली धर आणि तिचा भार तुझ्या हातावर उतरतो का, याची वाट पाहा. घाई करू नकोस.

तुझा,
काका