अमेरिकेत जे-१ व्हिसावर (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) शाळा शिकायला जाणाऱ्या मुलाचे यजमान कुटुंब पैसे घेते का?

नाही. शाळकरी मुलांच्या जे-१ कार्यक्रमात यजमानांना मोबदला मिळत नाही, राहणं-जेवण ते आपखुशीने देतात. हा कार्यक्रम ज्या १९६१च्या अमेरिकी कायद्यावर उभा आहे त्याचा हेतूच तो होता, दोन देशांच्या माणसांनी एकमेकांना ओळखावं. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेची फी, विमानभाडं मात्र सहसा आपल्याकडे.

संस्थेला अमेरिकी परराष्ट्र खात्याची मान्यता आहे ना, हे आधी बघा. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म तीच देते. यजमान घरातल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणं आणि दर महिन्याला मुलाची चौकशी करणं तिच्यावर बंधनकारक आहे. इथे अजिबात भीड ठेवू नका, विचारा.

बडोद्याहून माझा भाचा गेला तेव्हा ताईने त्याला वरणभात आणि कांदेपोहे शिकवून धाडलं. तिकडे दर रविवारी पोहे तोच करायचा. सोबत दिलेली भाकरवडी पहिल्याच संध्याकाळी संपली.