टर्मिनलची धास्ती

प्रश्न : कामासाठी लिनक्स या संगणक प्रणालीचे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी, वापरावे लागते, पण आज्ञा पाठ होत नाहीत आणि चुकून काही पुसले जाईल अशी धास्ती वाटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर : पाठांतराचा नाद आधी सोडावा. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगते (बांधकाम खात्यामुळे ही अक्षरे आपल्याला विसरणे अवघडच), तेथे काय आहे ते ‘एलएस’ दाखवते आणि ‘सीडी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. पहिला आठवडा या तिघींवरच काढलात तरी चालेल, कारण त्यांच्यामुळे काहीही पुसले जात नाही. ही नावे इतकी आखूड आहेत, कारण त्या मूळच्या युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतले त्या जुन्या प्रणालीच्या आहेत; १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत तिचा आरंभ झाला, त्या काळात संथ टेलिटाइप यंत्रांवर (कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रांसारख्या यंत्रांवर) टंकन करावे लागे.

आपली धास्ती मात्र अनाठायी नाही. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत न जाता थेट नाहीशी होते, म्हणून त्या आज्ञेनंतर जागा सोडून ‘-आय’ जोडावे, म्हणजे प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी विचारणा होते. फाइलचे नाव अर्धवट लिहून टॅब कळ दाबल्यास, तशा नावाची दुसरी फाइल नसेल तर, उरलेली अक्षरे आपोआप उमटतात. ‘मॅन एलएस’ लिहिल्यास त्या आज्ञेची माहितीपुस्तिका उघडते. तिच्यातून बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ दाबावे, कारण नवशिके हमखास तेथेच अडकतात.