किडनी बदललेल्या वडिलांच्या गजकर्णाला मेडिकलमधलं मलम चालेल का?

नाही. तुम्ही म्हणताय, वडील गुहागरला असतात, दोन वर्षांपूर्वी किडनी बदलली, आणि पाऊस लागल्यापासून जांघेतलं गजकर्ण पसरतंय. आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ती आजपासून लावू नका. ते स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत बसते, बुरशी मात्र फोफावते आणि गोल कडा इतकी पुसट होते की डॉक्टरही फसतो.

त्वचेच्या डॉक्टरांकडून खपली खरवडून केओएच तपासणी (खपलीत बुरशी आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली गोळी, चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. इट्राकोनॅझोल या बुरशीच्या गोळीने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते आणि फटका किडनीलाच बसतो. म्हणून किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुरशीची गोळी नको, आणि किडनीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद तर मुळीच नकोत.

कातडीखाली गाठ, काळा पडत चाललेला डाग किंवा सोबत ताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाकी आपल्याकडे श्रावणापर्यंत चड्डी धड वाळते कुठे! पडवीतल्या दांडीवरून दमट काढून तशीच घालतात. शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा, आणि त्यांचा पंचा वेगळा ठेवा.