समुद्रात अस्थी सोडायच्या की राख पसरायची?

इंग्लंडमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांच्या इच्छेप्रमाणे बोटीने जाऊन त्यांची राख समुद्रात सोडायची आहे. नातेवाइकांना त्यांनी 'बाबांची राख समुद्रात पसरणार आहोत' असे कळवले आणि पुण्याच्या आत्याला ते फार लागले. ताई विचारतात, हाती आली ती तर बारीक भुकटी, तिला अस्थी कसे म्हणावे?

ताई, निःशंकपणे अस्थी म्हणा. संस्कृतात अस्थि म्हणजे हाड हे खरे, पण मराठीत दहनानंतर माणसाचे जे काही उरते त्या सगळ्याला 'अस्थी' म्हणतात. गांधीजींचा एक कलश 30 जानेवारी 2008 रोजी गिरगाव चौपाटीच्या समुद्रात रिता झाला, दुसरा 2010 साली त्याच दिवशी डर्बनजवळच्या समुद्रात. त्यांनाही आपण गांधीजींच्या अस्थीच म्हणतो. 'राख' मात्र चुलीची, विडीची. राखरांगोळी होते तीही तिचीच. आत्याला लागले ते यामुळे.

'पसरणे' कुठून आले तेही पाहू. तुमच्याकडे दहनानंतर उरलेली हाडे यंत्रात दळून देतात; मोठ्या माणसाची भुकटी साधारण दोन-तीन किलो भरते. भुकटी म्हटली की उधळणे, विखुरणे ओघानेच आले. आपल्याकडे बहुधा तिसऱ्या दिवशी विझलेल्या चितेवर पाणी शिंपडून हाडांचे तुकडे हाताने वेचतात आणि मडक्यात भरून वर फडके बांधतात. या वेचण्याला 'सावडणे' हा नेमका शब्द आहे. असे तुकडे पसरत नाहीत; ते पाण्यात सोडतात. म्हणून आपले क्रियापद 'सोडणे', आणि विधीचे नाव 'विसर्जन'. त्याचाही मूळ अर्थ सोडून देणे, निरोप देणे हाच; पूजेत आवाहन केलेल्या देवतेचे शेवटी विसर्जन करतात ते याच अर्थाने.

कोल्हापूर-सांगलीकडे आणखी एक सुंदर शब्द आहे, 'रक्षाविसर्जन'. रक्षा म्हणजे राखच, पण मान राखून उच्चारलेली. तिथल्या निधनवार्तेत 'रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी 9 वाजता' असे असते ते बहुतेक वेळा स्मशानातल्या तिसऱ्या दिवसाच्या विधीबद्दल, त्यामुळे बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो. तुमचे नातेवाईक त्या भागातले असतील तर हा शब्द समुद्रासाठी वापरू नका. अलीकडे त्या भागात काही कुटुंबे रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन पुरतात आणि वर झाड लावतात. त्यालाही रक्षाविसर्जनच म्हणतात. म्हणजे विसर्जनाला पाणी हवेच असे नाही.

'विखुरणे' चुकीचे नाही, त्याची जागा वेगळी. नेहरूंनी मृत्युपत्रात मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडायला आणि बरीचशी विमानातून शेतकरी राबतात त्या शेतांवर विखरून टाकायला सांगितले होते. तिथे 'विखुरणे'च शोभते.

तुमच्या पत्रात मी लिहीन: 'बाबांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी रविवारी समुद्रात विसर्जित करणार आहोत.' आत्याला फोनवर सांगताना 'बाबांच्या अस्थी समुद्रात सोडायच्या आहेत' पुरे. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी आणि बहुवचनी चालतो: अस्थी सोडल्या, अस्थींचे विसर्जन. एकटा असताना 'थी' दीर्घ, समासात ऱ्हस्व: अस्थिकलश, अस्थिविसर्जन. छापील पत्रिकांत 'अस्थीविसर्जन' सर्रास दिसते. तुम्ही ते ऱ्हस्वच ठेवा.